उरलेल्या रंगाचं करायचं काय? जिन्याखाली पाय ठेवायला जागा नाही (इंदूर)

लोकमान्यनगरची_सून

नमस्कार मंडळी. वैशाखात धाकट्याची मुंज आहे म्हणून अख्खं घर रंगवून घेतलं, रंगारी गेले, घर छान दिसतंय, पण आता जिन्याखालचं काय करायचं ते कळत नाहीये. तिथे आधीपासूनच बाबांचं (माझे सासरे) भांडार होतं, त्यात या वेळचे उरलेले डबे जाऊन बसले आणि परवा गॅसचं रिकामं सिलिंडर ठेवायला गेले तर जागाच नाही.

आहे काय काय ते सांगते. हॉलच्या इमल्शनची २० लिटरची बादली, त्यात तळाला बऱ्यापैकी रंग आहे. बाहेरच्या भिंतीचा एक्स्टीरियर, अर्धा डबा. ऑइल पेंटचे छोटे-मोठे पाच-सहा डबे, त्यातले काही उघडतच नाहीत. ॲल्युमिनियम पेंट एक. डिस्टेंपरची पिशवी जिचा दगड झालाय. पुट्टीची अर्धी गोणी. थिनरच्या बाटल्या, आणि रंगारी तारपीन एका पाण्याच्या बाटलीत भरून ठेवून गेलेत ते. एका जुन्या डब्यावरची किंमत वाचून तर मला हसूच आलं, तेवढ्यात आज ब्रशसुद्धा येणार नाही.

शेजारच्या काकू म्हणतात थोडं थोडं पाणी घालून नालीत सोडून दे. रंगारी म्हणतो ठेवा भाभी, कधी ना कधी लागतोच. बाबा म्हणतात हात लावू नकोस. ह्यांना विचारलं तर "बघू" (हे उत्तर लग्नापासून ऐकून राहिले आहे). मला नालीत टाकायचं नाहीये, पण मग ठेवायचं काय, द्यायचं कुणाला आणि फेकायचं कसं, कुणी नीट सांगेल का? निगमची (महापालिकेची) कचऱ्याची गाडी घेते का हे?

भिया_पोहे_खाऊन_आलो

अहो ताई, गाडीला सहा कप्पे कशाला आहेत मग. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-वेस्ट आणि घरगुती घातक. रंग त्या घातकवाल्यात जातो. सकाळी गाणं ऐकू आलं की डबे घेऊन उतरा, झालं काम. एवढा विचार कशाला.

सियागंजी

भिया, कप्पा बरोबर सांगितलास पण भरलेली बादली उचलून गाडीत टाकली आणि पुढच्या वळणावर झाकण उडालं तर? तो रंग आख्ख्या गाडीत पसरणार, खाली ट्रान्सफर स्टेशनला दाबताना तर हमखास, आणि साफ कोण करणार, तोच सफाईमित्र बिचारा. पातळ रंग गाडीत द्यायचाच नाही असं धरून चाला. आधी सुकवा, मग द्या.

ताई, माझं रंगाचं दुकान आहे, हा प्रश्न दिवाळीच्या नंतर दर वर्षी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी फेकायचं हे डोक्यातून काढा. रंग फेकण्यासाठी नसतोच, भिंतीला लावण्यासाठी असतो, आणि तुमच्या यादीतलं निम्मं सामान लावण्यासारखं असणार. फक्त वेगळं करावं लागेल. दुपारी सगळे डबे ओटल्यावर आणून उघडा, घरात नको.

पाण्याचा रंग आणि तेलाचा रंग असे दोन ढीग करा. इमल्शन, एक्स्टीरियर, डिस्टेंपर, वॉटर प्रायमर हे पाण्याचे. ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, ॲल्युमिनियम, रेड ऑक्साइड, लाकडाचं पॉलिश हे तेलाचे. डब्यावरचं लेबल गेलं असेल तर मागच्या ओळी बघा, "थिनर / टर्पेंटाइन मिसळा" लिहिलं असेल तर तेलाचा, "पाणी मिसळा" असेल तर पाण्याचा. काहीच वाचता येत नसेल तर काडीवर थेंबभर घेऊन पाण्याच्या पेल्यात हलवा, मिसळून गढूळ झालं तर पाण्याचा, न मिसळता वेगळं राहिलं तर तेलाचा. पेला मग स्वैपाकघरात परत नेऊ नका.

पाण्याच्या रंगाची परीक्षा नाकाने. झाकण काढल्यावर सडका वास आला, नालीसारखा, अंड्यासारखा, तर त्यात जंतू झालेत, तो भिंतीला लावला तर वास महिनाभर जात नाही. तो सुकवायचा. वास ठीक असेल तर लाकडी पट्टीने तळापासून ढवळा, पाच मिनिटं तरी. वर पाणी सुटलेलं असतं त्याला घाबरू नका, ते मिसळतं. ढवळूनसुद्धा दह्याच्या कवड्यांगत गोळे राहिले तर गेला.

तेलाच्या रंगाला दुधावर साय धरते तशी जाड साय येते. बायका बघून टाकून देतात पण खाली रंग उत्तम असतो. जुन्या सुरीने डब्याच्या कडेने गोल कापा, साय अख्खी उचलून वर्तमानपत्रावर ठेवा, खालचा रंग जुन्या नायलॉनच्या ओढणीतून दुसऱ्या डब्यात गाळा. साय ढवळून आत मिसळलीत तर मात्र सगळ्या रंगात कण होतात आणि ग्रील खरखरीत दिसते.

जे चांगलं निघेल ते छोट्या डब्यात काढा. २० लिटरच्या बादलीत दोन लिटर रंग ठेवला तर वर सगळी हवा, आणि हवेनेच खराब होतो. डबा काठोकाठ भरलेला हवा, झाकणाच्या खोबणीतला रंग पुसून, वर प्लास्टिकची पिशवी आणि मग झाकण ठोकायचं. आणि ताई, मुख्य म्हणजे डब्यावर मार्करने लिहा, कुठली खोली, शेडचा कोड, महिना-वर्ष. शेडचा कोड नाही तर पुढल्या वेळी तुम्ही दुकानात येऊन म्हणणार "तो आपला बिस्किटासारखा रंग द्या" आणि माझ्याकडे बिस्किटासारखे चाळीस आहेत.

कोरडा गठ्ठा झालेलं डिस्टेंपर आणि पुट्टी यात आता काही राम नाही, पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते, एकदा ओल लागून जमली की जमली. तो मलबा आहे, विटा-सिमेंटबरोबर जाईल.

लोकमान्यनगरची_सून

बाप रे दादा, तुम्ही तर वर्गच घेतला 🙏 आज दुपारीच करते. सुकवायचं म्हणजे नुसतं उघडं ठेवायचं का? आणि टिंट करून घेतलेला रंग दुकान परत घेतं का?

सियागंजी

टिंट केलेला कुणीच परत घेत नाही, तो तुमच्यासाठी मशिनवर बनवलाय, दुसऱ्याला काय उपयोग. सीलबंद, बिना टिंटचा बेस किंवा पांढरा प्रायमर असेल आणि बिल असेल तर विचारून बघायला हरकत नाही, दुकानदारावर आहे.

सुकवायचं असं. इमल्शन उघडं ठेवलं तर वर पापुद्रा धरतो आणि आत महिनोन्महिने ओलं राहतं. म्हणून त्यात सुताराकडचा लाकडाचा बुरादा (भुसा) मिसळा, नाही तर कोरडी वाळू, फाडलेले वर्तमानपत्र, काहीही जे पाणी शोषेल. ओला चिवडा होईल इतकं. मग जुन्या फ्लेक्सवर पातळ पसरून गच्चीवर ठेवा, आपल्याकडचं चैत्रातलं ऊन आहे, दोन-तीन दिवसांत कडक होतो. बोटाने दाबून बघा, आत मऊ नको. सुकलेलं परत पाण्यात विरघळत नाही, म्हणून तेवढी काळजी नाही. पोरं, मांजर, पाऊस यांच्यापासून लांब.

पगडीवाले_काका

सियागंजी, तुम्ही सांगितलं ते सगळं पटलं, पण तेलाच्या रंगाबद्दल दोन गोष्टी राहिल्या आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात, मी केमिस्ट होतो, देवासला, आता रिटायर्ड.

सूनबाई, पहिलं म्हणजे जिन्याखाली थिनर आणि गॅसचं सिलिंडर शेजारी-शेजारी ठेवू नका. रिकामं म्हणता ते सिलिंडरसुद्धा पूर्ण रिकामं नसतं. आज संध्याकाळपर्यंत एक काहीतरी हलवा, बाकीचं सावकाश. रंगात घालायचं मिनरल टर्पेंटाइन तीस-चाळीस अंशांच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं, आणि आपल्या मे महिन्यात बंद जिन्याखाली तेवढं तापमान असतंच. लॅकरसाठीचं एनसी थिनर तर थंडीतसुद्धा पेटतं. इन्व्हर्टर कुठे आहे तुमचा? पुष्कळ घरांत तोही जिन्याखालीच असतो.

दुसरं, पाण्याच्या बाटलीतलं तारपीन. ते आजच्या आज काचेच्या किंवा मूळ बाटलीत ओता, मोठ्या अक्षरात "तारपीन, विष" लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा. मुंजीला घर भरेल, पाहुण्यांची पोरं येतील, दिसायला ते पाणीच दिसतं. लहान मुलाने घोटभर घेतलं तर पोटापेक्षा फुप्फुसाला जास्त धोका, आणि अशा वेळी उलटी मुद्दाम करवायची नाही, सरळ दवाखाना.

आता चिंध्यांचं. पाण्याचा रंग पाणी उडून सुकतो. इनॅमलचं तसं नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घट्ट होतं (म्हणून तर ती साय), आणि हे होताना उष्णता निघते. भिंतीवर पातळ थर असतो तेव्हा ती उडून जाते. पण तेलाच्या रंगाच्या, त्यातून जवसाच्या तेलाच्या, चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता आतच राहते, वाढत जाते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, काडी न लावता. सुतारकाम चाललेल्या घरांमध्ये अशा आगी लागतात आणि मग लोक शॉर्टसर्किटला दोष देतात. चिंध्या एकेक करून दोरीवर वाळत घाला, कडक झाल्या की मग द्या. जिन्याखाली अशा चिंध्या असतील तर आधी त्या बाहेर काढा.

आणि तेलाचा रंगही तसाच बुरादा घालून गच्चीवर पसरावा असं कुणाला वाटलं तर, ते मी करणार नाही, वर सांगितलं त्याच कारणाने. वाळू घ्या, पातळ थर द्या, सावलीत आणि मोकळ्या हवेत. त्यापेक्षा उत्तम म्हणजे लावून संपवा.

भिया_पोहे_खाऊन_आलो

काका घाबरवून राहिले 😄 पण खरं आहे, आमच्या गल्लीत एका फर्निचरवाल्याकडे असंच झालं होतं, रात्री कुणी नव्हतं आणि सकाळी कोपरा जळालेला.

एक सांगा, नालीत टाकायला एवढं काय वाईट? म्हणजे मी टाकत नाही, पण एका घरातलं दोन लिटर, समोर सगळा कारखान्यांचा माल जातोय, त्याने काय फरक पडतो हा प्रश्न काकू विचारणारच, त्यांना काय उत्तर द्यायचं?

पगडीवाले_काका

काकूंना विचारा की नाली कुठे जाते. घराबाहेरची उघडी नाली पावसाच्या पाण्याची असेल तर ती पोचते कान्ह नदीला. कान्ह शिप्रेला मिळते, त्रिवेणीजवळ, आणि तिथून उज्जैनचे घाट पुढेच आहेत. २०२८ ला सिंहस्थ आहे, काकू स्नानाला जाणारच असतील. इंदूरला २०२१ मध्ये वॉटर प्लसचं (सांडपाणी नीट हाताळणाऱ्या शहराचं) सर्टिफिकेट मिळालं ते नाल्यांमध्ये घरांची आउटलेटं जाणं थांबवलं म्हणूनच ना.

आणि ड्रेनेजमध्ये, म्हणजे संडास-मोरीच्या लाइनीत ओतलं तर ते कबीटखेडीच्या सांडपाण्याच्या प्लांटला जातं. तिथे घाण खातात ते जिवाणू. रंगात जिवाणू मारायचं औषध मुद्दामच घातलेलं असतं, नाहीतर डब्यातच सडला असता. थिनर तर वेगळंच. शिवाय इमल्शन पाइपात जमतं, पुढल्या वर्षी प्लंबर बोलवाल तेव्हा कळेल. एका घराचं दोन लिटर खरं, पण दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात किती घरं रंगतात ते तुम्हीच बघता.

ब्रश धुण्याचं पाणी वेगळं. आधी ब्रश वर्तमानपत्रावर निपटून काढायचा, जवळजवळ कोरडा, मग बादलीत धुवायचा. बादली रात्रभर ठेवली की गाळ खाली बसतो, वरचं पाणी मोरीत, गाळ सुकवायचा. तेलाच्या ब्रशचं थिनर तर फेकायचंच नाही, बरणीत झाकून ठेवा, काही दिवसांत रंग तळाला बसतो, वरचं स्वच्छ थिनर अलगद काढून परत वापरा. माझी एक बाटली अशीच वर्षानुवर्षं चालली आहे.

दोन_पोरांची_आई

मला वाटतं ताईंच्या जुन्या डब्यांबद्दल कुणी बोललंच नाही. ज्यावरची किंमत वाचून हसू आलं ते. शिसं असतं हो त्यात. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठरली ती २०१६ च्या नियमात आणि लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा, पुष्कळ जास्त असायचं, रंग चमकदार दिसायला. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही, म्हणून मी याबाबतीत जरा कडक आहे.

तेव्हा बाबांना कितीही जीव असला तरी २०१७ च्या आधीचा इनॅमल पाळण्याला, मुलांच्या पलंगाला, खेळण्यांना, झोक्याला लावू नका. दुसऱ्यालाही देऊ नका, म्हणजे शाळेला वगैरे तर नकोच. हा घट्ट बंद करून घातक कचऱ्यातच.

आणि मुंजीआधी रंग झाला म्हणता, जुन्या दारांची घासाई केली का रंगाऱ्यांनी? कोरड्या सँडपेपरने घासलं असेल तर ती भुकटी खिडक्यांच्या खाचांत, कूलरच्या गवतात बसलेली असते. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. पुढल्या वेळी पाणी मारून घासायला सांगा. रंगारी कुरकुर करतात, वेळ जातो म्हणून, पण त्यांच्याही नाकात तेच जातं ना.

लोकमान्यनगरची_सून

आलं करून! सिलिंडर हलवलं, तारपीन बाटलीबाहेर काढलं (मुलगा शेजारीच उभा, "आई हे पाणी का ओतून राहिलीस?", काका तुमचं शंभर टक्के बरोबर).

इमल्शन उत्तम निघालं, वास नाही, ढवळल्यावर अगदी नव्यासारखं. एक्स्टीरियर मात्र उघडला आणि ओटल्यावरून बाबासुद्धा आत पळाले, तो बुराद्यात. ऑइल पेंटचे तीन डबे नुसते ठोकळे झालेत, आरपार. एक स्मोक ग्रे आहे त्यावर बोटभर जाड साय होती, सुरीने कापली तर अख्खी चकती उचलली गेली आणि खाली असा गुळगुळीत चकचकीत रंग की बाबा म्हणाले "बघ, मी सांगत होतो". आता ते माझं अजिबात ऐकून घेत नाहीयेत. गाळून लिटरच्या डब्यात भरला. जुना पिवळा आहे एक, किंमत छापलेला तोच, तो नाही वापरणार.

कडक झालेल्या डब्यांचं काय? अटालेवाला (भंगारवाला) घेतो का?

बर्तनबाजार

अटालेवाला पत्र्याचा डबा घेतो पण आत ठोकळा असेल तर नाही म्हणतो, वजनात रंगच जास्त. आत नुसता पातळ सुकलेला थर असला तर घेतो, पत्रा भट्टीत जातो तिथे तो जळून जातो. झाकण उघडं ठेवून द्या म्हणजे त्याला दिसतं की आत ओलं नाही. आतून ठोकळा झालेले आणि जुना पिवळा, हे गाडीच्या घातकवाल्या कप्प्यात, गाडीवाल्याला सांगून, हातात द्या. कचऱ्याच्या पिशवीत लपवून नको.

प्लास्टिकच्या बादल्या कोण फेकतो भिया, इंदुरातल्या अर्ध्या घरांत अंघोळ त्याच बादलीने होते. फक्त पिण्याचं पाणी, लोणचं, धान्य नको त्यात. बायका गहू भरून ठेवतात, नवी कोरी दिसते म्हणून, ते नको. कुंडी करा, खाली भोकं पाडून, किंवा बांधकामवाल्याला द्या.

पगडीवाले_काका

बर्तनबाजार यांचं बरोबर. नियमातही तसंच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत गेलेली औषधं हे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, आणि दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं त्यात म्हटलं होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग झाले, रंगाचे डबे त्या चौथ्यात. इंदुरात सवय आधीच आहे त्यामुळे आपल्याला नवं काही नाही. पुढे घातक कचऱ्याची भट्टी आणि लँडफिल म्हणजे पीथमपूर, तेच जिथे २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळला. त्या वेळी आपण सगळे चिडलो होतो ना, इथे का आणला म्हणून. तिकडे जितकं कमी पाठवू तितकं बरं, आणि कमी पाठवायचं तर रंग कमी उरायला हवा.

पोर्टलंडातला_भाचा

सगळ्यांना नमस्कार, मूळचा रामबागेतला, आता ओरेगनला. इथली पद्धत सांगतो, गंमत म्हणून. इथे नवा रंग घेताना प्रत्येक डब्यावर थोडी फी लागते, आणि त्या पैशातून उरलेला रंग परत घेतात. घेतं कोण, तर रंगाचं दुकानच. डबा बंद, लेबल वाचता आलं पाहिजे, नेऊन ठेवायचा, पैसे द्यायचे नाहीत. ओरेगनने हे अमेरिकेत सगळ्यात आधी सुरू केलं, २०१० मध्ये, पेंटकेअर म्हणून रंग कंपन्यांनीच काढलेली संस्था चालवते. चांगलं इमल्शन शेडप्रमाणे वेगळं करून, गाळून, एकत्र करून पुन्हा रंग म्हणून विकतात, स्वस्तात. मी स्वतः गॅरेजला लावलाय. तेलाचा रंग मात्र इथेही रिसायकल होत नाही फारसा, इंधन म्हणून जाळतात.

आपल्याकडे कंपन्यांनी का करू नये? डीलरच्या गाड्या रोज भरलेल्या येतात आणि रिकाम्या परत जातात.

सियागंजी

भाचेबुवा, कल्पना छान आहे पण दुकानात जागा कुठे आहे, माझ्याकडे ग्राहक उभा राहिला की मी बाहेर. आणि गिऱ्हाईक फी देईल? दोन रुपयांसाठी माझ्याशी अर्धा तास घासाघीस करतात. कंपनीने गाडी पाठवली तर मी ठेवीन बुवा एक ड्रम दारात, त्याला ना नाही.

बाकी एकत्र करायचं ते घरीही होतं. इमल्शन-इमल्शन सगळी एका बादलीत ओता, आतल्या भिंतीची आतल्याशी. रंग मळकट बदामी निघतो, बहुतेक वेळा, पण कोठीच्या खोलीला, गच्चीवरच्या खोलीला किंवा पहिला हात म्हणून चालतो. बाहेरचा एक्स्टीरियर झोपायच्या खोलीत लावू नका, त्यात बुरशीचं औषध जास्त असतं. आतला बाहेर लावलात तर ऊन-पावसात टिकणार नाही. आणि पाण्याचा-तेलाचा कधीही एकत्र नाही, फाटतो.

आणि काकांचं शेवटचं वाक्य खरं, मी दुकानदार असून सांगतो. रंगारी जास्तच लिहून देतो, त्याला मध्येच कमी पडायला नको असतं. भिंतीची लांबी-उंची मोजा, दार-खिडक्या वजा करा, एका लिटरमध्ये एका हाताला शंभर-एकशेवीस चौरस फूट धरा, दोन हात असतील तर रंग दुप्पट. २० ची बादली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, १० आणि ४ ने काम होत असेल तर. कमी पडला तर कोड दाखवून लिटरभर परत घ्या, मशिन काय रोज चालूच आहे.

दोन_पोरांची_आई

हे सियागंजी दुकान कसं चालवतात देव जाणे 😂

ताई, ते चांगलं इमल्शन कुणाला तरी द्या ना. निगमचे आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) सेंटर आहेत, कपडे-पुस्तकं-खेळणी घेतात, रंग घेतात का ते फोन करून विचारा. त्यापेक्षा गल्लीतला गणेशोत्सव, सजावटीच्या कपड्याला अन् प्लायला पांढरं-ऑफव्हाइट हवंच असतं, किंवा बालवाडीची कंपाउंडची भिंत. देताना मात्र उघडून दाखवा, चालू रंग द्या. दान म्हणून सडका डबा दुसऱ्याच्या दारात ठेवणारे लोक मी बघितलेत.

लोकमान्यनगरची_सून

हो, विचारते. मोजून पाहिलं तर साधारण चार लिटर आहे. त्यातलं लिटरभर मी ठेवणार, मुंजीनंतर भिंतींवर हळदीकुंकवाची बोटं उमटणारच आहेत, टचअपला लागेल. उरलेलं आमच्या मंडळाला.

आणि स्मोक ग्रे ऑइल पेंट, लिटरला जरा कमी. बाबांनी जाहीर केलंय की द्यायचा असेल तर ग्रीलला लावणाऱ्यालाच, डब्यात ठेवणाऱ्याला नाही. आहे का कुणी?

बर्तनबाजार

मला पाहिजे भाभी, बाल्कनीची ग्रील गंजून राहिली आहे. रेड ऑक्साइडचा एक हात झालाय, वरचा राहिलाय. फोटो टाका, आणि बाबांना विचारा किती वर्षांचा आहे, २०१७ च्या आधीचा असेल तर नको, आमच्याकडे नात रांगते.

लोकमान्यनगरची_सून

तळावर शिक्का आहे, मार्च २०२२. बाबा म्हणतात शनिवारी सकाळी या, गाडी यायच्या आधी. ब्रश घेऊन या, ते लावायचं कसं तेही सांगणार आहेत.